मागचे ब्रेक ‘जबर’ केले की गाडी सरळ थांबत नाही, गोल फिरते

“१८०च्या स्पीडला ब्रेक मारल्यावर स्पोर्ट्‌स कार मागून नाचते? कंपन्या लपवतात ती सहा गुपितं.” हा फॉरवर्ड गाडीवेड्यांच्या ग्रुपांवर फिरत होता तोवर दुर्लक्ष केलं. आता तो स्टुटगार्टला शिकणाऱ्या भाच्यापर्यंत पोहोचलाय. त्याच्याकडे एनबी, म्हणजे दुसऱ्या पिढीतली जुनी माझदा एमएक्स-५ ही छोटी दोन आसनी स्पोर्ट्‌स कार आहे, दाराशी वेगमर्यादा नसलेला ऑटोबान (जर्मन द्रुतगती महामार्ग) आहे, आणि काल त्याचा मेसेज आला, “मामा, मागचे रेसिंग ब्रेक पॅड मागवू का?” नको मागवू. कारण सगळ्यांच्याच कामाचं आहे, म्हणून इथे लिहितो.

गुपित पहिलं: “पुढे कंपनीचे साधे पॅड ठेवा, मागे रेसिंग पॅड घाला. गाडी नाक खुपसण्याऐवजी मागे बसते आणि सरळ थांबते.”

सहापैकी हेच जीव घेणारं आहे, म्हणून जास्त वेळ इथेच जाणार.

गणित करू. चालकासह गाडी ११५० किलो, वजन पुढे-मागे निम्मं-निम्मं, व्हीलबेस २.२६५ मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून ४६ सेंटिमीटर धरू. १ जी मंदनाने (म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतक्या जोराने वेग घटवत) ब्रेक लागला की साधारण २३४ किलो भार मागून पुढे सरकतो. पुढच्या चाकांवर ८०९ किलो, मागच्यांवर ३४१. म्हणजे त्या क्षणी मागची चाकं एकूण ब्रेकपैकी जेमतेम ३० टक्के पेलू शकतात. समजा, मूळ गाडीत पुढे-मागे ब्रेकची वाटणी ७३:२७ आहे. आता मागच्या पॅडचा घर्षणांक ०.३५ वरून ०.५० वर नेला, की मागचा वाटा ३५ टक्क्यांच्या घरात जातो. अशा गाडीत पाऊण जीच्या जरा पुढे मागची चाकं पुढच्यांच्या आधी जाम होतात. आणि कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर घाबरून मारलेला ब्रेक पाऊण जीच्या पुढेच जातो.

पुढची चाकं जाम झाली तर स्टिअरिंग मरतं, पण गाडी नाकासमोर घसरत राहते. मागची जाम झाली की त्यांची आडवी पकड जाते. जाम चाक ज्या दिशेला घसरतं त्याच्या उलटच ओढतं, गाडीला रेषेत धरत नाही. पुढची चाकं अजून पकडून असतात, त्यामुळे दोन अंशांचं वाकडेपण पाच होतं, पाचाचे वीस. १८०ला गाडी सेकंदाला ५० मीटर जाते. उलटं स्टिअरिंग मारायची वेळ येईपर्यंत दुभाजक आलेला असतो.

हे माझं मत नव्हे. प्रवासी गाड्यांच्या ब्रेकसाठीची संयुक्त राष्ट्रांची नियमावली १३-एच आहे. तिच्यात एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेल्या गाडीसाठी स्पष्ट अट आहे: ०.१५ ते ०.८ या मंदनाच्या पट्ट्यात, रिकाम्या आणि भरलेल्या दोन्ही अवस्थांत, मागच्या आसाचा पकड-वापर पुढच्याच्या वर जाता कामा नये. सोप्या मराठीत, मागचं चाक आधी जाम होता कामा नये. वरच्या हिशेबातली ‘सुधारलेली’ गाडी याच पट्ट्यात नापास होते.

फॉरवर्डवाल्याने पुरावा म्हणून एनबीच्या मोठ्या ब्रेकवाल्या आवृत्तीचा दाखला दिलाय: पुढची डिस्क २७० मिलिमीटर, मागची २७६. आकडे बरोबर, निष्कर्ष चूक. पुढच्या कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याचा) पिस्टन सुमारे ५१ मिलिमीटरचा, मागचा सुमारे ३२चा. क्षेत्रफळात, म्हणजे पॅडवरच्या जोरातही, अडीच पट फरक! डिस्क सहा मिलिमीटरने मोठी असल्याने त्यातलं फारसं काही भरून निघत नाही.

अर्धं सत्य नाइलाजाने मान्य करतो. मागच्या ब्रेकने गाडीचा मागचा भाग खाली ओढला जातो, हे खरंय. कंपन्या पुढच्या बाजूला थोडा जास्तच ब्रेक देतात, हेही खरंय. म्हणूनच ट्रॅकवरचे लोक वाटणी बदलणारा व्हॉल्व्ह बसवतात, पण ते अर्धा-अर्धा फेरा फिरवून, मोकळ्या ट्रॅकवर, एकेक पायरी तपासत. शिवाय जितके चिकट टायर तितकं मंदन जास्त, तितका भार पुढे जास्त, म्हणजे चिकट टायरवर ब्रेक पुढेच जास्त लागतो. फॉरवर्ड नेमका उलटा शिकवतो.

गुपित दुसरं: “एबीएसचा फ्यूज काढा, रेसर तेच करतात.”

पहिल्यासोबत हे केलं तर कल्याणच. ज्या गाड्यांत ईबीडी (पुढे-मागे ब्रेकची वाटणी सांभाळणारी यंत्रणा) आहे, तिथे मागच्या चाकांचा दाब आवरायचं काम एबीएसच्याच युनिटकडे असतं. फ्यूज काढला की एबीएससोबत तेही जातं. म्हणूनच पिवळ्या एबीएसच्या दिव्याबरोबर लाल ब्रेकचा दिवाही लागतो. आणि १३-एचमधली वरची अट एबीएस असलेल्या गाडीला लागू नसते, कारण मागचं चाक सांभाळायला तिथे एबीएस आहे असं गृहीत धरलेलं असतं. ते काढून टाकल्यावर खाली काय उरतं याची हमी कुणीच घेतलेली नाही.

गुपित तिसरं: “डॉट ५ ब्रेक ऑइल घाला, नंबर मोठा तितकं दमदार.” डॉट ५ सिलिकॉनचं असतं. डॉट ३, ४ आणि ५.१ ग्लायकॉलची. ती डॉट ५मध्ये मिसळत नाहीत, आणि एबीएसच्या पंपात डॉट ५मध्ये हवेचे बुडबुडे अडकतात, पेडल स्पंजासारखं होतं. ताज्या डॉट ४चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, पाणी शोषल्यावर किमान १५५. डॉट ५.१चा २६० आणि १८०. चांगलं डॉट ४ किंवा ५.१ दर दोन वर्षांनी बदला, विषय संपला.

चौथं, भोकं पाडलेल्या डिस्क: ब्रेकचं अंतर कमी करत नाहीत, भोकांच्या कडेने चिरतात मात्र. पाचवं, “ब्रेकसोबत थेट दुसऱ्या गिअरमध्ये टाका”: मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत रेस न जुळवता गिअर उतरवणं म्हणजे मागचाच ब्रेक आणखी दाबणं. पहिल्या गुपिताचाच चुलतभाऊ.

सहावं, मोठा स्पॉयलर. इथे थोडं तथ्य आहे. १९९८ साली आलेल्या पहिल्या ऑडी टीटीचे जर्मनीत भर वेगात अपघात झाले, तेव्हा ऑडीने मागे स्पॉयलर दिला. पण सोबत ईएसपी (गाडी घसरू लागली की सावरणारी यंत्रणा) दिलं आणि सस्पेन्शनही बदललं, ते मात्र फॉरवर्डमध्ये गाळलंय. हवेने मागचा भाग उचलला जाणं वेगाच्या वर्गाने वाढतं, त्यामुळे १८०ला ते जाणवतंच. पण डिकीवर डबल टेपने चिकटवलेला प्लॅस्टिकचा पंख काही करत नाही.

मग गाडी नाचते कशाने? जुन्या एमएक्स-५मध्ये आधी मागची कॅलिपर बघावीत. स्लाइड पिन गंजून अडकतात, हॅंडब्रेकची यंत्रणा आखडते, आणि एक बाजू जास्त धरते. दहा-बारा दमदार ब्रेक मारून थांबल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही डिस्क मोजा. एकाच आसावर डाव्या-उजव्यात ४०-५० अंशांचा फरक दिसला तर चोर सापडला. पिन साफ करून सिलिकॉन ग्रीस लावा. मागच्या पिस्टनचा ॲडजस्टर ॲलन कीने पॅड डिस्कला टेकेपर्यंत आवळा, मग तिसरा हिस्सा फेरा सोडा, चाक हाताने मोकळं फिरतंय ना बघा.

त्यानंतर मागचे बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी तुकडे) आणि अलाइनमेंट. बुश सैल असले की ब्रेकच्या ओढीने मागची चाकं बाहेर वळतात आणि गाडी मागूनच स्टिअर होते. पोर्शने १९७७च्या ९२८मध्ये वायसाख आस दिला तो याचसाठी: ब्रेक लागताना चाक आत वळावं, बाहेर नव्हे. तुमच्याकडे तो आस नाही, तेव्हा मागे एकूण २ ते ३ मिलिमीटर टो-इन (चाकांची पुढची कड किंचित आत वळलेली) ठेवा. टायर वाचवायला शून्य टो करून देणाऱ्याला नमस्कार करून निघा. स्प्रिंग कापून गाडी खाली बसवली असेल, तर नाक खाली गेल्यावर पुढचा टो बदलतो, खड्ड्यावर स्टिअरिंग हातातून ओढलं जातं. मूळ उंचीवर आणा. टायरच्या कडेवरचा चार आकडी कोड वाचा: ३२१७ म्हणजे २०१७चा ३२वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी तो रबर कडक झालेला असतो.

पॅड बदलायचेच असतील तर चारही चाकांना एकाच कंपाउंडचे, रस्त्यावर वापरायचे. बसवल्यावर ब्रेक मारून वेग १०० वरून २० पर्यंत आणा, आठ-दहा वेळा, पूर्ण न थांबता. मग दहा मिनिटं ब्रेक न दाबता चालवून डिस्क निववा, गरम डिस्कवर पेडल दाबून उभं राहू नका. आणि भाच्या, मागच्या पॅडची ऑर्डर आधीच दिली असशील तर खोका न फोडता परत पाठव.