दहा मीटरची पाल

घरी आलेले पाहुणे माझी रेल्वे बघून तोंडात बोट घालतात. तिचा फोटो पाठवला की तेच पाहुणे विचारतात, "खेळणं केवढ्याला घेतलं?"

खेळणं नाही हो ते. चार बाय अडीच फुटांच्या प्लायवूडवर तीन वर्षं खपून मी आमची बार्शी लाइट उभी केली आहे. अडीच फुटी रुळांची ही गाडी १९११ साली लातूरला पोचली आणि आमच्याकडच्या कित्येक पिढ्यांनी तिच्यातून पंढरपूर गाठलं. तिच्यामागे खटपट करणारा एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा साहेब पुढे पॅराशूट बनवायच्या नादी लागला. बार्शी लाइटमधून उतरायला मात्र कुणाला पॅराशूट लागलं नाही. लोक चालत्या गाडीतून उतरायचे, बांधावर जाऊन यायचे आणि मागच्या डब्यात चढायचे, असं आमचे मामा सांगतात. मामा रेल्वेतून रिटायर झालेले, त्यामुळे आम्ही मान डोलावतो.

माझी गाडी खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान. त्या हिशेबाने दोन रुळांमधलं अडीच फुटांचं, म्हणजे ७६२ मिलिमीटरचं अंतर पावणेनऊ मिलिमीटरचं व्हायला हवं. मिळतात ते रूळ ९ मिलिमीटरचे. पाव मिलिमीटरसाठी मी भांडत बसलो नाही. जमीन मात्र अस्सल काळी माती, मैद्याच्या चाळणीतून दोनदा चाळलेली. हे घरात दिवाळीला, करंज्यांच्या वेळी उघडकीस आलं. ते असो.

पुलाखाली मांजरा नदी आहे. बार्शी लाइट मांजरेवरून जायची का, असं विचारू नका; प्लायवूडवर खड्डा तिथेच पडला होता. पाणी रेझिनचं, काचेसारखं चकचकीत. शेजारच्या काकांनी पहिला फोटो पाहिला आणि म्हणाले, "बाकी समदं जमलंय. पण मांजरेला एवढं पाणी?" मी गप्प. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी भरून रेल्वे आली, तेव्हा काका तिला बघायला स्टेशनवर गेले होते. पाण्याच्या बाबतीत लातूरकराला फसवायला जाऊ नये.

पण खरी गोम पाण्यात नव्हती. पाहुण्यांना फोटोत खेळणं दिसायचं, कारण मी उभं राहून वरून फोटो काढायचो. माझ्या स्टेशनावरचा मास्तर जेमतेम दोन सेंटिमीटरचा. त्याच्या डोळ्याला जे दिसतं ते टिपायचं तर कॅमेरा त्याच्या उंचीवर न्यायला हवा. मी पोटावर झोपलो, पण फोन उभा धरला तर त्याचं भिंग वरच्या टोकाला, म्हणजे मास्तरच्या हिशेबाने पाण्याच्या टाकीवर. शेवटी फोन उलटा केला, शीर्षासनातला. भिंग जमिनीला टेकलं आणि पहिल्यांदाच इंजिन अंगावर आल्यासारखं दिसलं. तेवढ्यात बायको दारात. "अहो, काय करलालाव?" पलंगाखाली उलटा फोन धरून पालथा पडलेला नवरा बघून दुसरं काय विचारणार ती.

फोटो मोठा करून पाहिला आणि काळजात धस्स झालं. डोळ्यांना स्वच्छ दिसणारी रेल्वे कॅमेऱ्याला उकिरडा दिसते. रुळांवर आडवा पडलेला माझा केस सत्त्याऐंशीने गुणला की चांगला सुतळीएवढा जाड होतो. फलाटावरची मुंगी गुणाकारात घुशीएवढी झाली होती. आणि मालधक्क्यामागे, आभाळाच्या निळ्या कागदावर, एक पाल. बारा सेंटिमीटरची. गुणून बघा, दहा मीटरच्या वर जाते. अख्खा डबा गिळेल अशी पाल आणि तिच्याकडे पाठ करून शांतपणे हिरवी झेंडी दाखवणारा गार्ड! तोच फोटो भाच्यांना सगळ्यात जास्त आवडला.

मग पुण्याहून भाच्याचा मोठा कॅमेरा आला. त्याचं निराळंच दुखणं. इंजिन स्पष्ट तर डबे धूसर, डबे स्पष्ट तर इंजिनाला मोतीबिंदू. जवळून काढलेल्या फोटोत सगळं एकाच वेळी रेखीव यायला भिंगाचं छिद्र बारीक करावं लागतं, एफ/२२ वगैरे. छिद्र बारीक की उजेड कमी, उजेड कमी की कॅमेरा दहा-दहा सेकंद उघडा. (छिद्र फारच बारीक केलं की प्रकाश कडेला वाकून पुन्हा सगळं जरा मऊच येतं, हे कळायला मला दोन रविवार लागले.) फोनला हा त्रास कमी, त्याचं भिंग आणि पोट दोन्ही लहान. पण भाचा म्हणाला, "मामा, फोनने काढलेला प्रिंटला टिकत नाही." मागून घेतलेल्या वस्तूचा मालक म्हणेल ते ऐकावं लागतं.

त्या दहा सेकंदांत जग स्थिर राहायला हवं. मे महिना, पारा बेचाळीसवर, आणि पंखा बंद. कारण पंख्याने बाभळी डोलतात आणि इंजिनाचा कापसाचा धूर सोफ्यावर जाऊन बसतो. पहिल्या वेळी स्वयंपाकघरात मिक्सर लागला, चटणीबरोबर फोटोही वाटला गेला. दुसऱ्या वेळी खालून उसाचा ट्रॅक्टर गेला. तिसऱ्या वेळी नऊ सेकंद सगळं सुरळीत चाललं आणि दहाव्याला लाइट गेली. चौथ्या वेळी माझ्या नाकावरून घामाचा थेंब सुटला आणि थेट मास्तरच्या डोक्यावर पडला. त्या गावात पडलेला तो एकमेव पाऊस.

दिवे लावले तर तीन दिव्यांच्या तीन सावल्या, आणि सिग्नलच्या खांबाची सावली आभाळावर. तेव्हा ठरवलं, एकच दिवा वापरायचा आणि तो वर आहे. सकाळी सात वाजता मी आणि शेजारचा पोरगा ती चार बाय अडीचची फळी जिन्याच्या वळणावरून तिरकी करत स्लॅबवर घेऊन गेलो. वळणावर मालधक्का गळून पडला, तो नंतर चपलांच्या स्टँडमध्ये सापडला. वर बघतो तर वाळवण. चार लुगड्यांवर कुरड्या, पापड, सांडगे. हलवायची बिशाद नव्हती. म्हटलं राहू दे मागे.

आणि काय सांगू! कोवळं तिरपं ऊन, एकच सावली, मागे खरं आभाळ. लांबवर धूसर झालेल्या कुरड्या हुबेहूब कडब्याच्या गंजींसारख्या दिसत होत्या. वारा पडलेला. नदीवर मी आदल्या रात्रीच वाळू पसरली होती, काकांचा शब्द मोडवत नाही. बारा फोटो काढले, प्रत्येकात फोकस थोडा थोडा मागे सरकवत. भाच्याने ते कॉम्प्युटरवर एकात एक बसवले. इंजिनापासून कडब्यापर्यंत सगळं लख्ख.

तो फोटो मी काही न सांगता मामांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा पुसला. गाडीवरून, पुलावरून, कोरड्या नदीवरून बोट फिरवलं. बराच वेळ बोलले नाहीत. माझे डोळे भरून यायच्या बेतात होते.

"कोणाची ड्यूटी होती रे?" मामा म्हणाले.

"म्हणजे?"

"सिग्नलचा हात खाली पडलेला नाही, म्हणजे निघायची परवानगी नाही, आणि गाडी स्टेशन सोडून निघाली. ड्रायव्हर सस्पेंड व्हायला पाहिजे."

फोटो परत काढायला हरकत नव्हती. पण सिग्नलचा हात मी फेविक्विकने चिकटवलेला आहे.