एक स्टार दिलेल्या ग्राहकाला: चेनसॉचे चारही रबर का बदलले

नमस्कार भाऊ,

तुमचा अभिप्राय काल रात्री दुकान बंद केल्यावर वाचला. एक स्टार दिलात आणि तीन तक्रारी लिहिल्यात: तुमच्या चेनसॉचं, म्हणजे लाकूड कापायच्या मशीनचं, एकच रबर फाटलेलं असताना चारही बदलून 2330 रुपये घेतले, नऊ दिवस मशीन अडकवून ठेवलं, आणि एवढं करूनही लाकडात घातलं की हाताला हिसके बसतातच.

माझी चूक आहे ती आधी सांगतो. बिलात 310 रुपये कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) रबरी बूटचे, म्हणजे जोडनळीचे आहेत. तो तडकलेला दिसला तेव्हा तुम्हाला फोन करून विचारायला हवं होतं. मशीन उघडलेलं होतं, बूट दुकानात होता, मी बसवून टाकला. ते 310 रुपये तुम्हाला परत देतो. बूट मात्र राहू द्या.

तुमच्या मशीनचे दोन भाग आहेत. इंजिन, चेन आणि ती जिच्यावर फिरते ती लांब पट्टी, म्हणजे बार, एकीकडे. पेट्रोलची टाकी आणि दोन्ही मुठी दुसरीकडे. मध्ये फक्त ती चार रबरं. टू-स्ट्रोक इंजिन दर फेऱ्याला एकदा पेटतं, म्हणजे 12,000 आरपीएमला सेकंदाला 200 ठोके. ते मुठीत उतरू नयेत म्हणून ही रबरं असतात. तुमच्या मॉडेलला कार्ब्युरेटर टाकीच्या बाजूला बसतो, सिलिंडर इंजिनच्या बाजूला, आणि दोघांना जोडतो तो हा बूट. रबरं सैल पडली की प्रत्येक कापाला बूट ओढला जातो आणि तडकतो. तडकीतून जादा हवा आत जाते, पेट्रोल-ऑइल कमी पडतं, इंजिन तापतं आणि पिस्टन धरतो, म्हणजे आतच जाम होतो. मग खर्च हजारांत जातो.

आता चार रबरांचं. पुढचं डावीकडचं फाटलं होतं, ते तुम्ही स्वतः पाहिलंत. उरलेली तीन बाहेरून धड दिसत होती. पण काढून नख दाबलं तर खूण तशीच राहिली. पेट्रोल आणि चेन ऑइल पिऊन रबर फुगलं होतं, लोण्यासारखं झालं होतं. मागच्या रबराभोवती कोणीतरी पूर्वी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली निघाली. तीन जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर तुमच्या बाबांनी या मशीनने महिनोन् महिने पडलेले आंबे-फणस कापले, हे तुम्हीच सांगितलंत. एवढ्या कामाचा भार चारही रबरांनी सोसलाय. त्यात एकच नवं घातलं असतं तर सगळा ताण त्या एकावर आला असता, मूठ वाकडी बसली असती आणि पावसाळ्याआधी तुम्ही परत आला असता.

बाजारात साठ रुपयांना मिळणारं रबर मी बसवत नाही. पूर्वी बसवायचो. ते इतकं कडक असतं की बोल्ट घट्ट बसतो, पण ठोके सरळ हातात येतात. कंपनीचं 380 रुपयांना एक, अशी चार 1520, बूट 310, मजुरी 500. तुमच्या मॉडेलला पुढचं आणि मागचं रबर दिसायला सारखं, कडकपणा वेगळा. पुण्याहून पहिल्यांदा चारही पुढचीच आली, ती परत पाठवली. त्यात पाच दिवस गेले. तसा निरोप तुम्हाला द्यायला हवा होता, तो दिला नाही.

हिसक्यांची तक्रार मी मनावर घेतलीय. एकदा असं करून बघा: लाकडात न घालता मशीन रेस करा. हात शांत राहिला तर रबरांचं काम नीट आहे. लाकडात घातल्यावरच हिसका बसत असेल तर दोष चेनचा. तुमची चेन मी पाहिली होती. उजव्या बाजूचे दात लांब, डाव्या बाजूचे आखूड, आणि दातांपुढचे रेकर, म्हणजे दात लाकडात किती खोल जाईल ते ठरवणारे उंचवटे, कानशीने फार खाली गेलेत. रेकर दातापेक्षा साधारण 0.65 मिलिमीटर खाली हवा. त्याहून खाली गेला की दात लाकडाचा मोठा घास घेतो आणि मशीन उडतं. हे मी मशीन न्यायला आलेल्या तुमच्या आतेभावाला सांगितलं होतं, तुमच्यापर्यंत पोचलं नसावं.

हे एवढं लांबण लावून लिहितोय, कारण दुकान टाकण्याआधी अकरा वर्षं मी स्वतः वखारीवर मशीन चालवलं. रबरं गेलेलं मशीनही चालवलं, कोणी थांबवलं नाही. संध्याकाळी बोटांना मुंग्या यायच्या, पुढे त्या रात्रीही जाईनात. आज उजव्या हाताच्या दोन बोटांना शर्टाचं बटण लागत नाही, बायको लावते. युरोपात कामगाराच्या हाताला दिवसभरात किती कंप चालेल याची कायद्याने मर्यादा आहे. आपल्याकडे आंब्याच्या बागेत मशीन धरणाऱ्याला हे सांगायला कोणी येत नाही. म्हणून माझ्या दुकानातून एकच रबर बदलून मशीन बाहेर जात नाही. गिऱ्हाईक नाराज झालं तरी नाही.

गुरुवार सोडून कधीही चेन घेऊन या. दोन्ही बाजूंचे दात तुमच्यासमोर सारखे करून देतो, त्याचे पैसे नाहीत. दात सारखे केल्यावरही रेकर दातांपेक्षा फारच खाली राहिले तर नवी चेन लागेल, तेही दाखवूनच सांगेन. तुमची जुनी चार रबरं, ट्यूबची पट्टी आणि तडकलेला बूट काउंटरखालच्या डब्यात बिल नंबर लिहून ठेवलंय. येताना बिल आणा, 310 रुपये लगेच देतो.