यंदा आंबील कशाला?

२७ नोव्हेंबर २०२५ ची दुपार. मॅसॅच्युसेट्समधल्या आमच्या गावात रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. शेजारच्या आजींकडे थँक्सगिव्हिंगचं, म्हणजे नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या अमेरिकेतल्या आभाराच्या सणाचं, जेवण होतं आणि टर्की ओव्हनमधून निघायला अजून अर्धा तास होता. तेवढ्यात घरच्या ग्रुपवर भाच्याचा मेसेज आला. लातूरकडे रात्रीचे साडेअकरा वाजले असणार.

'वेळ अमावस्या करायची का नाही ते आत्ताच ठरवा. करणार असाल तर मी रानात येणार नाही. काळ्या आईनं यंदा काय ठेवलंय म्हणून तिला आंबील पाजायची?'

त्याखाली कुणीच काही लिहिलं नाही. एरवी आमच्या ग्रुपवर 'शुभ सकाळ'लाही दहा-बारा अंगठे पडतात.

भाचा चोवीस वर्षांचा आहे. सप्टेंबरात मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला त्यात मांजरेकाठचं आमचं सहा एकर सोयाबीन गेलं. शेंगा भरलेल्या होत्या. पाणी ओसरलं तेव्हा उभ्या झाडावर शेंगांतच मोड आले होते, आणि नदीकडच्या दोन एकरांत तर मातीच राहिली नव्हती, खाली मुरूम दिसत होता. केंद्राच्या निकषानं कोरडवाहू पिकाला मदत हेक्टरी साडेआठ हजार रुपये. त्यात बियाणं, खत, फवारणी यांतलं काय काय भागतं याचा हिशेब त्यानंच कागदावर मांडला होता, कारण दुकानाची उधारी त्याच्या नावावर आहे. त्यामुळे त्याला 'देवधर्माचा विसर पडलेली आजची पिढी' वगैरे म्हणायची माझी हिंमत नाही.

लातूर-धाराशिवच्या बाहेर हा सण फारसा कुणाला माहीत नसतो, म्हणून थोडं सांगते. मार्गशीर्ष अमावस्येला आमच्याकडे अख्खं गाव रानात जातं. कलेक्टर त्या दिवसाची स्थानिक सुट्टी देतात, आणि लातूर शहरात संचारबंदी लागावी तसा शुकशुकाट असतो. रानात कडब्याची कोप, म्हणजे खोपट, उभी करायची, तिच्यात पाच पांडव म्हणून चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडायचे, पूजा करायची. जेवायला भज्जी, म्हणजे तूर, वाटाणा, हरभरा, वाल असं त्या दिवसात जे जे हिरवं मिळेल ते ताकातल्या बेसनात शिजवलेलं. सोबत बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, तिळाची पोळी आणि आंबील. ज्वारीचं पीठ ताकात आंबवून केलेली ही आंबील बिंदग्यात भरून, घोंगडी पांघरून, कुणीतरी गडी खांद्यावरून रानात आणतो. मग 'ओलगे ओलगे, सालम पलगे' म्हणत ती पिकावर शिंपडायची. याचा अर्थ विचारला तर आमच्या घरात तिघं तीन अर्थ सांगतात. कानडी मुलूख शेजारी आहे, शब्द तिकडूनच आले असणार.

आणि ज्याला रान नाही त्याला बोलवायचं. शाळेतले मास्तर, बँकेतला नवीन बदलून आलेला माणूस, बांधावरून जाणारा अनोळखी. हाक मारून बसवायचं आणि उठेपर्यंत वाढायचं. या सगळ्यात 'आभार' हा शब्द कुठेही येत नाही. आमच्याकडे आपल्या माणसाचे आभार मानले तर तो रागावतो, 'परका केलंस की' म्हणतो. मग देवाचे तरी कसे मानणार? पहिला घास मातीला घालायचा, दुसरा वाटसरूला. आमचे आभार एवढेच.

अमेरिकेत उलट. इथे सगळं शब्दांत सांगावं लागतं. आजींच्या टेबलाभोवती प्रत्येकानं आपण कशाबद्दल 'थँकफुल' आहोत ते सांगायची रीत आहे. नातवानं नवी नोकरी सांगितली. सुनेनं घराचं कर्ज कमी व्याजावर बदलून मिळाल्याचं सांगितलं. कुणीतरी कुत्र्याचं नाव घेतलं. आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "छान. पण हे तुम्ही सांगताय कुणाला?" नातू हसला, "तुलाच, ग्रँडमा." त्यांनी मान हलवली, डोळे मिटले आणि देवाला उद्देशून चार वाक्यं मोठ्यानं म्हटली. नातू छताकडे बघत राहिला, पण हात जोडलेले होते.

आजींचा प्रश्न मला पटतो. ज्याचे आभार मानायचे तोच काढून टाकला की आपल्याकडे काय काय आहे याची यादी उरते, आणि ती वाचून माणूस स्वतःवरच खूश होतो. माझे काही नास्तिक मित्र म्हणतात, देव कशाला, शेतकऱ्याचे आणि मजुराचे आभार माना. जरूर मानावेत. (मात्र शेतकऱ्याला आभारांपेक्षा भाव वाढवून दिलेला जास्त आवडतो, हे एका शेतकऱ्याची मुलगी म्हणून सांगते.) पण पाऊस कुणाच्या कष्टानं पडत नाही आणि सकाळी जाग येते ती कुणाच्या कर्तबगारीनं येत नाही. त्याचं श्रेय घ्यायला कुणी माणूस पुढे आला तर मला त्याचीच भीती वाटेल.

आजींच्या बाजूनं बोलतानाही मला एक गोष्ट टोचते. प्लिमथ आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे. १६२० मध्ये इंग्लंडहून 'मेफ्लॉवर' जहाजातून जे १०२ जण तिथे वसायला आले त्यांतले निम्मे पहिल्या हिवाळ्यात मेले. जे उरले त्यांनी १६२१ मध्ये पीक घरात आल्यावर तीन दिवस जेवणं घातली, तिथल्या मूळनिवासी वाम्पानोआग लोकांचा प्रमुख मॅसासॉइट नव्वद माणसं घेऊन आला होता. पहिलं थँक्सगिव्हिंग म्हणून ही गोष्ट इथल्या बऱ्याच शाळांत नाटकासारखी करून दाखवतात. पण ते ज्या मोकळ्या जमिनीत मका लावत होते ती पटक्सेट या वाम्पानोआग गावची होती. त्याच्या काही वर्षं आधी युरोपी जहाजांबरोबर आलेल्या साथीत ते गाव ओस पडलं होतं. इंग्लंडच्या राजाच्या १६२० च्या सनदेत त्या साथीकडे देवाची करणी म्हणून बोट दाखवलं आहे. म्हणजे शेजारी मेला म्हणून देवाचे आभार. १९७० पासून थँक्सगिव्हिंगच्याच दिवशी प्लिमथला मूळनिवासी लोक जमून शोकदिन पाळतात. आभार मानणाऱ्यानं आपल्या ताटाची किंमत कुणी मोजली हे आधी बघावं, नाहीतर देवाचं नाव घेऊन माणूस काहीही पचवतो. हे फक्त गोऱ्यांना लागू आहे असं मी समजत नाही. आमच्या कोपीत आजवर बाहेरचा कोण जेवला आणि कोण बांधावरच बसून जेवला, हे मला लहानपणापासून आठवतं.

भाच्याचा मेसेज मनात घोळत असताना मला १७८९ ची चर्चा आठवली. नवीन राज्यघटना मिळाली म्हणून राष्ट्राध्यक्षांनी देवाचे आभार मानायचा एक दिवस जाहीर करावा, असा ठराव अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये आला. साऊथ कॅरोलायनाचे थॉमस ट्युडर टकर उठले आणि त्यांनी हरकत घेतली की ही घटना लोकांच्या भल्याची ठरते का ते तरी आधी बघू द्या, मग आभाराचं बघू. काय चूक बोलले? माझा भाचा तेच म्हणतोय: माल आधी, पावती नंतर. वॉशिंग्टननी तरीही २६ नोव्हेंबरचा दिवस जाहीर केला. पुढे जेफरसन राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा त्यांनी असले दिवस जाहीर करायला साफ नकार दिला, हे सरकारचं काम नाही म्हणून. मला जेफरसनही पटतात.

हा सण देशभर दरवर्षीचा झाला तो १८६३ मध्ये, आणि ते वर्ष भरभराटीचं मुळीच नव्हतं. यादवी युद्ध चालू होतं, गेटिसबर्गची लढाई होऊन तीनच महिने झाले होते. सारा हेल नावाच्या एका मासिकाच्या संपादक बाईंनी कित्येक वर्षं पत्रं लिहून या सणाचा पाठपुरावा केला होता. अखेर ३ ऑक्टोबरला लिंकन यांचा जाहीरनामा निघाला. त्याचा मसुदा त्यांचे परराष्ट्रमंत्री सेवर्ड यांचा. शेतं पिकली, खाणी चालल्या, हे कुठल्या माणसाच्या हातून झालेलं नाही, वरून मिळालं आहे, असं त्यात आहे. पण त्याच दमात, आमच्या पापांबद्दल देव आमच्यावर रागावलेला आहे, असंही आहे. आभार मानताना चुकांची कबुली द्या आणि विधवा, अनाथ, शोकात असलेल्यांना त्याच्या हवाली करा, असं सांगितलं आहे. मी तो जाहीरनामा दरवर्षी एकदा वाचते. राष्ट्राध्यक्ष रूजवेल्टनी १९३९ मध्ये दुकानदारांना नाताळची विक्री करायला आठवडा जास्त मिळावा म्हणून हा सण सात दिवस अलीकडे ओढला, आणि देशात तो दोन वेगवेगळ्या गुरुवारी होऊ लागला. शेवटी १९४१ मध्ये कायदा करून चौथा गुरुवार ठरवावा लागला. आमच्या राज्यात तर त्या दिवशी बहुतेक मोठी दुकानं बंद ठेवायला कायदाच लावतो. त्या दुपारी रस्त्यावर सामसूम होती ती भक्तीमुळे असं समजू नका. मध्यरात्र उलटली की लोक सवलतींच्या मागे धावतात.

तिकडे महाराष्ट्रात २०२५ च्या जुलैत सरकारनं गणेशोत्सव राज्य महोत्सव म्हणून जाहीर केला. त्यावरच्या चर्चा मी इथून वाचत होते. डीजेचा आवाज, पीओपीच्या मूर्ती, पुण्यातली मिरवणूक कधी संपणार, कुणाला किती अनुदान. सगळे प्रश्न रास्तच आहेत. न्यायालय बोललं, मंत्री बोलले, मंडळं बोलली. इथल्या लोकांना सणातून देव निघून गेल्याची काळजी, आणि आपल्याकडे बावीस फुटांचा देव समोर बसवून बाकी सगळ्यावर बोलणं चालू. अमेरिकेतल्या मराठी मंडळात तरी काय वेगळं? आरती सात मिनिटं, प्रायोजकांचे आभार पंचवीस मिनिटं.

पण भाच्याला उत्तर द्यायचं होतं, आणि मला लिंकन नव्हे, माझी आजी आठवत होती. १९९३ च्या अनंत चतुर्दशीला विसर्जन करून लोक झोपले आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आमचं गाव लांब, भिंती तडकल्या, माणसं वाचली. आजीचं माहेर मात्र त्या पट्ट्यातलं. तिचा धाकटा भाऊ आणि त्याची बायको ढिगाऱ्यातून बाहेर काढली. मी दहा वर्षांची होते. त्या वर्षी वेळ अमावस्या संक्रांतीच्या तोंडावर आली. अण्णा म्हणाले, माय, यंदा राहू दे. तिनं ऐकलं नाही. दगडी जात्यावर ज्वारी दळली, आंबील केली, आणि रानात गेल्यावर 'ओलगे ओलगे' म्हटलंच नाही. मडक्यात हात घालून मातीवर आंबील फेकत राहिली आणि मातीला म्हणाली, "खा. माझा भाऊ खाऊन पोट भरलं नसंल तर ही बी खा." मग पदरानं तोंड पुसलं आणि बांधावरून जाणाऱ्या दोघांना जेवायला हाक मारली.

हे मला फार उशिरा कळलं, बहुतेक इथे आल्यावरच. ज्याला पहिला घास द्यायचा त्याच्याशी भांडायचाही हक्क असतो. जनाबाई विठ्ठलाला शिव्या घालते ती त्याच हक्कानं. 'मी अमुक-तमुकबद्दल थँकफुल आहे' या वाक्याशी भांडता येत नाही, कारण पलीकडे कुणी नाही. आजीची आंबील ही काही पिकाची पावती नव्हती. पीक चांगलं आलं तेव्हाही ती पावती नसणार. मातीवर आपली मालकी नाही, आपण तिच्याकडे येऊन-जाऊन असतो, हे वर्षातून एकदा रानात जाऊन तोंडानं नाही तर हातानं कबूल करायचं, एवढाच तिचा हेतू असावा. हे मी आज लिहिते आहे. तिनं कधी समजावून सांगितलं नाही.

टर्की आली तोवर मी ग्रुपवर आजीची ती गोष्ट लिहिली. अण्णांनी खाली लिहिलं, 'बरोबर हाय.' भाच्याला वेगळं लिहिलं की आंबील पाजायची नसेल तर तसं ग्रुपवर नको सांगूस, रानात येऊन तिलाच सांग. त्याचं उत्तर आलं नाही. शेजारच्या आजींनी विचारलं, घरी सगळं ठीक ना? मी म्हटलं, घरी एका मुलाचं देवाशी वाजलंय. त्या म्हणाल्या, "चांगलं आहे. माझा नातू तर भांडतसुद्धा नाही," आणि मला क्रॅनबेरीची वाटी दिली.

अमावस्येला इथे अंगणात गोठलेला बर्फ होता. इंडियन स्टोअरमधून आणलेल्या ज्वारीच्या पिठाची आंबील मी मागच्या दारात ओतली, ती लगेच थिजली. सकाळी खारी येऊन हुंगून गेल्या.

त्याच दिवशी भाच्याचा फोटो आला होता. कोप नेहमीपेक्षा बुटकी, कडबा जुना, काळा पडलेला. पुढे पाच दगड, नवीन चुना लावलेले. मागे उशिरा पेरलेली ज्वारी, जेमतेम गुडघ्याएवढी. खाली लिहिलं होतं: 'तुरी तर गेल्याच. शेंगा इकत आणल्या भज्जीला. आत्या, आंबील लई आंबट झालती.'