मेव्हण्याची लेन्स

पक्याने बॅगेतून ती बाहेर काढली आणि कट्टा गप्प झाला. याआधी कट्टा एवढा गप्प झाला होता तो पक्याने स्वतःहून उधारी फेडली तेव्हा.

"उद्या परत द्यायचीय," तो म्हणाला. "हात लावायचा तर आधी पट्टा गळ्यात घाला."

७०-२०० मिलीमीटरची झूम लेन्स, एफ २.८, म्हणजे उजेडासाठी भोक भलं मोठं उघडणारी. चार वर्षं जिचं नाव घेऊन पक्याने आमचं डोकं खाल्लं ती हीच. मेव्हण्याने चार दिवसांसाठी दिली होती. बहिणीच्या नवऱ्याला नाही कसं म्हणणार बिचारा!

"पांढरी का रे? मळत नाही?" अण्णांनी विचारलं.

झालं. मिलीमीटर सरसावून बसला. याचं खरं नाव आता त्यालाही आठवत नसावं. लेन्सांची सगळी माहिती तोंडपाठ आणि हार्ड डिस्कमध्ये निम्मे फोटो विटांच्या भिंतीचे, कारण कोपरे किती शार्प येतात ते भिंतीवरच कळतं म्हणे.

"अण्णा, पांढरा रंग ऊन परतवतो. आतल्या काचा तापल्या की फोकस हलतो. आणि तोंड एवढं मोठं का? २०० ला २.८ ने भागा. ७१ मिलीमीटर रुंदी तर लागतेच! म्हणून वजन दीड किलोच्या घरात. म्हणूनच..."

"म्हणूनच पक्याचा खांदा उतरलाय," सुमी म्हणाली. "फोटो दाखव."

सुमीकडे अजून कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ च आहे, आणि आमच्यात पाहण्यासारखे फोटो तिचेच असतात. हे पक्यासमोर बोलायचं नसतं.

लॅपटॉप उघडला. पहिल्या संध्याकाळची खेळणारी पोरं. मागच्या भिंतीचा तडा न् तडा मोजून घ्यावा, पोरं मात्र भुतं. शटर १/६०, म्हणजे सेकंदाचा साठावा भाग; पळणाऱ्या पोरांसाठी फारच सावकाश.

"पण स्टॅबिलायझर चालू होता!" पक्या.

"तो तुझा हात धरतो. पोरांचे पाय नाही धरत," सुमी म्हणाली.

मग वहिनींचा फोटो. एक डोळा असा की पापणीचे केस मोजावेत, दुसरा विरघळलेला आणि नाक कुठे गेलं ते कळेना. मिलीमीटरने तेवढ्यात मोबाईलवर आकडेमोड केली. "तीन मीटरवरून, २०० ला, २.८ ला, लहान सेन्सरच्या क्रॉप बॉडीवर फोकसमध्ये सापडतात फक्त अडीच सेंटिमीटर!"

"वहिनींनी बघितला?"

"बघितला. भावाला फोन लावला तिने."

"मग भोक लहान करून ५.६ करायला कुणी मनाई केली होती?"

"अगं, ५.६ च करायचं तर २.८ आणली कशाला?"

"म्हणजे उसना हत्ती मिळाला की कोपऱ्यावर पत्र टाकायलाही हत्तीवरूनच जायचं?"

मी हसलो. तेवढ्यावरून पक्याने मला धरलं. मीही सोडलं नाही. तीन वर्षांपूर्वी नेलेला माझा ट्रायपॉड एका पायाचं रबर हरवून परत आला, तो अजून माझ्या घरात लंगडत उभा आहे. "उसनवारीवर तू बोलूच नकोस," एवढंच म्हणालो. मग मिलीमीटर रात्रभर तारे टिपायला गेला आणि कॅमेऱ्यात कार्डच नव्हतं, ही गोष्ट पुन्हा निघाली. ती दर महिन्याला निघते. दर वेळी तो सांगतो की कार्ड होतं, पण दुसऱ्या खिशात होतं.

सुमी मात्र लॅपटॉप सोडायला तयार नव्हती. चार दिवसांत हजारावर फोटो आणि जवळजवळ सगळे २०० ला, २.८ ला. "मधलं काही लागतच नाही वाटतं हिला?" मग तिने पक्याच्या १८-५५ चं जुनं फोल्डर उघडलं. तिथे बघावं तो फोटो ५५ ला.

"तू कायम दोन पावलं लांब उभा असतोस रे. तेवढं पुढे सरकायला मेव्हणा लागत नाही."

पक्याचा चेहरा पडला. मलाही जरा जास्तच वाटलं, पण वाक्य झकास होतं.

चिडून त्याने शेवटचं फोल्डर उघडलं. मुलांचा कार्यक्रम, मिणमिणता रंगमंच. नाच संपवून एक चिमुरडी विंगेकडे बघतेय, कुणीतरी हाक मारल्यासारखी. तिच्या मागचे दिवे विरघळून मोठे मोठे गोळे झालेत. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, ३२००; शटर १/२५०.

"५.६ वाली असती तर इथे १/६० मिळाला असता," मिलीमीटर म्हणाला. दोन स्टॉप, चौपट उजेड. अख्ख्या संध्याकाळी त्याचं हे एकच वाक्य कामाचं.

सुमीने तो फोटो मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला. "हा ठेव," म्हणाली. आमच्यात हे पारितोषिकच समजलं जातं. माझ्या मते हा एक फोटो लेन्समुळे आला आणि बाकीचे हजार पक्यामुळे.

"जाण्याआधी आमचा एक काढ की," अण्णा म्हणाले.

पक्या उठला, मागे सरकला. ७० लाही आम्ही चौघं मावेनात. अजून मागे. रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर गेला.

"कॅमेऱ्याला नको लटकवू, लेन्स खालून धर!" मिलीमीटर इकडून ओरडतोय. दोन गाड्या आडव्या गेल्या, तिसरीने हॉर्न मारला. शेवटी क्लिक.

धावत आला. आम्ही स्क्रीनवर वाकलो. फोकसचा मधला ठिपका नेमका अण्णा आणि सुमीच्या मधल्या फटीतून निसटून मागच्या झाडावर जाऊन बसला होता. आम्ही चौघंही धुक्यात.

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, परत बघितलं.

"पानं काय आलीत रे पक्या! घेऊनच टाक ही लेन्स."