मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला कसा आला?

एक मेसेज सध्या गोव्यातल्या मराठी ग्रुपवर फिरतो आहे. आमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर तर तो तीनदा आला. मजकूर थोडक्यात असा: ‘युद्ध पेटलं, पूर आला की माणसं वाचवायची. देवळं, चर्च, जुने कागद सांभाळणं ही शांततेतली चैन. त्यासाठीचे जागतिक करार नुसते कागदावर, शिक्षा कुणालाच होत नाही. गोव्यात युद्ध होणारही नाही. आणि हल्ली सगळं स्कॅन करता येतं, मूळ गेलं तरी बिघडत नाही.’ खाली मंगेशीच्या दीपमाळेचा फोटो.

मेसेजवाल्याने फोटो तरी दुसरा निवडायचा! मंगेशीचा देव मंगेश मूळचा कुठ्ठाळीचा. 1560 साली पोर्तुगीज अमलात देवळांवर संक्रांत आली, तेव्हा लोकांनी लिंग उचललं आणि अघनाशिनी, म्हणजे आजची झुआरी, ओलांडून प्रियोळला आणलं. प्रियोळ ज्यात येतं तो अंत्रुज महाल, म्हणजे आजचा फोंडा भाग, तेव्हा पोर्तुगिजांच्या हाती नव्हता. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, लोटलीचा रामनाथ बांदोड्याला. स्वतःच्या जिवावर बेतलेलं असताना त्यांनी हे केलं. ‘आधी माणूस’ त्यांना कळत नव्हतं असं कोण म्हणेल? इमारत नेता येत नाही, ती त्यांनी सोडली. जे नेल्यावर परक्या जागी पुन्हा गाव म्हणून उभं राहता येईल, ते उचललं.

माणूस की दगड, हा पेच बहुतेक वेळा लोकांच्या बोलण्यातच असतो. पॅरिसचं नोत्र दाम चर्च 15 एप्रिल 2019 ला पेटलं, तेव्हा येशूचा मानला जाणारा काट्यांचा मुकुट आणि इतर मौल्यवान वस्तू बाहेर काढल्या गेल्या. जीव एकाचाही गेला नाही.

शिक्षेचं म्हणाल, तर मालीतल्या टिंबक्टू शहरातल्या समाध्या 2012 मध्ये पाडणाऱ्या अल महदीला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने 2016 मध्ये नऊ वर्षांची कैद सुनावली. क्रोएशियातल्या डुब्रोव्हनिकच्या जुन्या शहरावर 6 डिसेंबर 1991 ला तोफा डागल्या, त्याबद्दल युगोस्लाव नौदल अधिकारी मिओद्राग योकिचला सात वर्षं मिळाली. युद्धात सांस्कृतिक वारसा जपण्यासाठी झालेल्या 1954 च्या हेग करारात ‘लष्करी निकड’ नावाची पळवाट आहे आणि बडी राष्ट्रं सहसा सुटतात, हे मात्र मान्य. पण त्याच कराराचं तिसरं कलम सांगतं की ही तयारी शांततेच्या काळातच करायची. भारताने 1958 मध्ये तो स्वीकारला आहे. म्हणजे मेसेज ज्याला चैन म्हणतो, ते आपण लिहून दिलेलं काम आहे.

गोव्यात युद्ध होणार नाही? डिसेंबर 1961 मध्ये, गोवामुक्तीच्या कारवाईत, बोरीचा पूल उडवला गेला होता. ‘जिंका किंवा मरा’ हा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा हुकूम गोव्याचा गव्हर्नर वासालु इ सिल्वाने शेवटपर्यंत पाळला असता तर जुन्या गोव्यातल्या चर्चचं काय झालं असतं? त्याने 19 तारखेला शरणागती पत्करली. बरं, युद्ध राहू द्या, पाऊस तर दर वर्षी येतो.

आता स्कॅन. जुलै 2021 च्या पुरात आमच्या घरात कमरेएवढं पाणी आलं. आजोबांकडे देवस्थानच्या जमाखर्चाच्या मोडी चोपड्या होत्या. त्यांचं स्कॅनिंग मी स्वतः केलं होतं. ती हार्डडिस्क त्याच कपाटात, त्याच खालच्या फळीवर! डिस्क गेली. चोपड्या निथळत होत्या, पण हातात होत्या. मग मीच घोळ घातला. ऊन पडलं तशा अंगणात पसरल्या, चिकटलेली पानं ओढून सोडवली. शाई पसरली, कडा लाकडासारख्या कडक झाल्या. नंतर कळलं की ओली वही उन्हात टाकायची नाही, पानं सोडवायची नाहीत. सावलीत, वाऱ्यावर, मधे टिपकागद घालून सुकवायची. दोन दिवसांत बुरशी धरू लागते. तेवढ्यात आवरणार नसेल तर प्लास्टिकमध्ये गुंडाळून थेट फ्रीजरमध्ये ठेवायची, म्हणजे सवडीने एकेक सुकवता येते.

फ्रीजर कुठला आणायचा? बाजारातल्या मासेवाल्याला विचारलं. तो हसला. म्हणाला, जुलैत मासेमारी बंद, निम्मा रिकामाच असतो, आणा. सुक्या बांगड्यांचं पुरुमेत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, आपण मे महिन्यात भरतो, पुराच्या या तयारीलाही तोच महिना बरा. चोपड्या आता वरच्या फळीवर आहेत, नवी डिस्क मडगावला बहिणीकडे. कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवलाय: आधी काय उचलायचं, मग काय, आणि खाली मासेवाल्याचा नंबर.