‘गवयांत नट, नटांत गवई’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘स्वरवेडा’जी,

वसंतराव देशपांड्यांवरच्या माझ्या लेखाखालची आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा नुसता रागच आला. चूक आधी कबूल करतो. ‘कट्यार काळजात घुसली’ या संगीत नाटकाचा पहिला प्रयोग मी 1968चा लिहिला होता, तो डिसेंबर 1967चा. दुरुस्ती केली आहे. पण त्यासाठी ‘लिहिण्याआधी निदान गूगल तरी करत जा’ हे कशाला? ‘तारीख चुकली आहे’, तीन शब्दांत काम झालं असतं.

आता आपलं ते वाक्य : ‘वसंतराव म्हणजे गवयांत नट आणि नटांत गवई, दोन्हीकडे अर्धे.’ वाक्य झकास आहे. लिहून झाल्यावर आपण स्वतःच मान डोलावली असणार.

अहो, बावीस वर्षं हौशी संगीत नाटकांना ऑर्गनची साथ केली आहे मी. ‘कट्यार’च्या एका तालमीला आमचा खाँसाहेब, म्हणजे वसंतरावांनी केलेली भूमिका करणारा, आलाच नाही, म्हणून त्याच्या जागी मी उभा राहिलो. चढ्या आवाजातली दोन वाक्यं म्हटली आणि त्याच दमात ‘घेई छंद मकरंद’ धरलं. षड्ज चांगला अर्धा स्वर खाली लागला. तबलजी खाली मान घालून हसला. दुसऱ्या खेपेला सूर सांभाळला, तर चेहऱ्यावरचा खाँसाहेबच गायब! मी आपला मैफलीत बसल्यासारखा डोळे मिटून गातोय.

हे पद नाटकात दोन तऱ्हांनी येतं. प्रतिस्पर्धी घराण्याचे पंडितजी ते सावकाश उलगडतात, खाँसाहेबांच्या गळ्यातून तेच शब्द तानांच्या झपाट्यात सुटतात. दोन घराण्यांचं भांडण तिथे संवादात नाही, गाण्यात आहे. त्या तानेत खाँसाहेबाचा माजही दिसायला हवा. नुसत्या गवयाला ते जमत नाही, नुसत्या नटाला तर नाहीच. वसंतराव तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते. 1935च्या ‘कालिया मर्दन’मधला कृष्ण, नागपुरातली सप्रे गुरुजींची तालीम, लाहोरला असद अली खाँकडे घोटलेला मारवा राग, मास्टर दीनानाथांच्या गायकीचं वेड आणि लष्कराच्या हिशेब खात्यातली कारकुनी, एवढं सगळं आधी झालं होतं. याला आपण ‘अर्धे’ म्हणता! पुढे ‘अष्टविनायक’मध्ये ‘दाटून कंठ येतो’ गाणारा आणि पडद्यावर तो बाप उभा करणारा माणूस एकच, हेही आपल्या हिशेबात दोन अर्धेच धरायचे का?

‘तुम्ही त्यांना प्रत्यक्ष ऐकलंय तरी का?’ नाही ऐकलं. 30 जुलै 1983ला ते गेले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. तुम्ही तानसेनावरही लिहिता म्हणे. त्याच्या मैफलीला पुढच्या रांगेत होतात वाटतं?

बाकी मुद्दे, म्हणजे ‘कट्यार’च्या चालींबद्दल जितेंद्र अभिषेकीबुवांना श्रेय नाही, पंडितजी करणाऱ्या भार्गवराम आचरेकरांचं नावसुद्धा नाही वगैरे, वाचले. लेख वसंतरावांवर होता. पुढे कधीतरी बघू.

आणि एक करा. खुर्चीतून उठा, चार वाक्यं ओरडून म्हणा आणि श्वास न घेता ‘घेई छंद’ धरा. ऑर्गनवर मी बसतो. पट्टी तुम्ही सांगा.