लाटण्याचं काय करायचं?

जपानला निघालो तेव्हा लोकांनी भीती घातली ती भूकंपाची, भाषेची आणि कच्च्या माशांची. कचऱ्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

आम्ही राहतो तोक्योत, एदोगावा वॉर्डातल्या निशी-कासाईला. इथे इतके भारतीय आहेत की स्टेशनबाहेर मराठीत कुणाला मोकळेपणी नावं ठेवायचीही सोय नाही, 2019 ला तर आपले योगेंद्र पुराणिक वॉर्डाच्या असेंब्लीत निवडूनसुद्धा आले, त्यामुळे मला वाटलं इथे थोडंफार चालून जात असेल. नाही जात. पहिल्याच दिवशी हातात कचऱ्याचं वेळापत्रक पडलं. जळणारा आठवड्यातून दोनदा, न जळणारा महिन्यातून दोनदा, बाटल्या-डबे-पुठ्ठे वेगळ्या वारी, आणि सगळं सकाळी आठच्या आत. बायकोने तो कागद कालनिर्णयच्या शेजारी टांगला. संकष्टी विसरली तर देव चालवून घेतो हो, पण महिन्याचा दुसरा न जळणारा वार चुकला की फुटका बल्ब पंधरा दिवस घरात पाहुणा.

पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीचं तर सोवळंच असतं. झाकण काढा, लेबल सोला, आतून विसळा, चेपा, मग टाका. झाकण आणि लेबल वेगळं ठेवायचं. एकदा हे सगळं करताना आईचा व्हिडिओ कॉल आला. म्हणाली, "कचरा धुतोयस? इथे होतास तेव्हा चहाचा कप तरी विसळलास का कधी?" मी नेटवर्क गेल्याचं नाटक केलं.

पिशवी पारदर्शक हवी हा आणखी एक जाच. म्हणजे तुम्ही काल काय खाल्लं ते अख्ख्या बिल्डिंगला दिसतं. मी लोणच्याची काचेची बरणी खाली दडपून वरून कांद्याची सालं पसरली होती, गाडी आली, सगळ्यांचा कचरा घेऊन गेली आणि माझी एकटी पिशवी कपाळावर स्टिकर मिरवत तिथेच. कावळ्यांसाठी वर जाळी टाकतात ना, त्या जाळीखाली ती अशी बसली होती की मलाच गहिवरून आलं. शेजारच्या आजी तिथे झाडत होत्या. त्या वाकल्या, मी वाकलो, त्या परत वाकल्या, मधे पिशवी. मग हळूच म्हणाल्या, "सुमीमासेन, चोत्तो..." आणि थांबल्या. सुमीमासेन म्हणजे माफ करा, चोत्तो म्हणजे जरा. जरा काय, ते सांगायचं नसतं, समोरच्याने ओळखून लाजेने अर्धमेलं व्हायचं असतं. आपल्याकडे कसं, पाटी लावतात, त्यात तुमची अक्कल आणि संस्कार दोन्ही काढतात, आपण ती वाचून हसतो आणि पुढे जातो. त्या 'चोत्तो'ने मला दोन रात्री झोप नाही.

गणपतीत निर्माल्याचा प्रश्न आला. आई म्हणाली, नदीत सोड की. जवळ आराकावा आहेच, पण इथे बेकायदा कचरा टाकला तर 5 वर्षांपर्यंत कैद नाहीतर 1 कोटी येनपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दूर्वा आणि जास्वंदासाठी एवढं? शेवटी बाप्पाची माफी मागून ते वेगळ्या स्वच्छ पिशवीत बांधून जळणाऱ्यात ठेवलं. आईला सांगितलं, अग्नी दिला. खोटं नाही बोललो.

तरी आम्ही सुखी म्हणायचे. तोकुशिमातल्या कामिकात्सु गावात चाळीसहून जास्त प्रकारात कचरा वेगळा करतात. तिथे माझं तर लग्न टिकलं नसतं.

आणि मग लाटण्याला चीर गेली. लाकडी आहे, जळणाऱ्यात टाकू म्हणून उचललं तर बायको म्हणाली थांब, आधी मोज. कारण कुठलीही बाजू 30 सेंटीमीटरच्या वर गेली की तो 'सोदाई गोमी', म्हणजे कपाट, सोफा यांच्या पंगतीतला मोठा कचरा. टेप लावली. 34! आता बुकिंग करायचं, दुकानातून पैसे भरून स्टिकर आणायचं, ते चिकटवून ठरलेल्या दिवशी बाहेर ठेवायचं. तुळशीबागेत साठ रुपयांना घेतलेलं लाटणं, फेकायला त्याहून महाग. शिवाय फोनवर सांगायचं काय? पोळी म्हणजे काय इथपासून सुरुवात. ऑफिसातला एक जण म्हणाला कापून टाक, पण रात्री अकराला फ्लॅटमधे करवतीचा आवाज आल्यावर आजी काय म्हणतील या विचाराने हात थरथरला. "चोत्तो..." एवढंच म्हणतील, पण म्हणतील.

सहा महिने ते कपाटात स्वेटरमागे लपवलं. दिवाळीला पुण्याला निघालो तेव्हा 23 किलोच्या बॅगेत चॉकलेटांच्या खाली गुपचूप घातलं, म्हटलं आपल्या गावात विसर्जन करू.

बॅग आईने उघडली. "अगंबाई, लाटणं? जपानचं का रे?" मी गप्प. तिने ते हातात फिरवून पाहिलं, चीर बघितली, म्हणाली, "टाकू नकोस हं," आणि स्वयंपाकघराच्या खिडकीला टेकू म्हणून लावलं.